उलट्या बाहीचा खडा

त्या बाईला कुणी नावानं हाक मारत नसे. घरीदारी, कारखान्यात, सगळीकडे तिला ‘कशावरून’च म्हणायचे. आता हे काय नाव झालं? पण ते तिनं स्वतः कमावलेलं. चार वर्षांची असल्यापासून कुणी काही बोललं की हिचं तोंड उघडलंच, “कशावरून?” शेजारीण म्हणाली उद्या थंडी पडणार, की कशावरून? मास्तर म्हणाले पृथ्वी गोल आहे, की कशावरून? मास्तरांनी तीन दिवस समजावलं आणि चौथ्या दिवशी तिच्या आईला बोलावून म्हणाले, “बाई, पोरगी हुशार आहे. थोडी कमी हुशार करता आली तर बघा.” पुढं लग्नासाठी मुलगा भेटायला आला. लिफ्ट दुरुस्त करणारा, सरळ माणूस. म्हणाला, “मी कधी खोटं बोलत नाही.” ही म्हणाली, “कशावरून?” तो इतका हसला, इतका हसला, की तिथंच लग्न ठरलं.

आई तिची शिवणकाम करायची. खिडकीशी मशीन, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर लोकांचे अर्धे कपडे. ही टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायची. सात वर्षांची असताना आई बाहेर गेलेली बघून हिनं एका सदऱ्याला बाह्या जोडून ठेवल्या. टाके सरळ, दोरा मिळता. आईनं सदरा उचलला, झटकला आणि कपाळाला हात लावला. “अगं बये, डावी बाही उजवीकडे लावलीस!” ही म्हणाली, “दोन्ही सारख्याच तर आहेत.” आईनं दोन्ही बाह्या टेबलावर एकीवर एक ठेवून दाखवल्या. कापड तेच, लांबी तीच, रुंदी तीच, पण खांद्याचा उतार एकीचा या बाजूला, दुसरीचा त्या बाजूला. किती फिरवा, एक काही दुसरी होत नाही. “आणि हे बघ,” आई म्हणाली, “चुकीची लावली तरी सदरा खुंटीवर छान दिसतो. माणसानं हात वर केला की कळतं.”

हे मुद्दाम सांगायचं कारण, पुढं तिची भाकरी याच गोष्टीवर चालली.

ती औषधाच्या कारखान्यात लागली, तेव्हा तिला तराजूच्या खोलीत बसवलं. काचेच्या पेटीतला तराजू, श्वास सोडला तरी आकडा हलायचा. आलेली प्रत्येक पुडी तोलायची, गेलेली प्रत्येक पुडी तोलायची, लिहायचं. अकरा वर्षं केलं. पण शेजारच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, आणि त्यावर एक विद्वान रंगीबेरंगी गोळ्यांची घरं बांधायचा. ही जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्या मागे उभी. “हा लाल गोळा इथं का? हा उलटा केला तर?” त्या विद्वानाच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यानं पुस्तकं दिली, म्हणजे तेवढा वेळ तरी गप्प बसेल. ती कसली गप्प बसते! पुस्तकं वाचली, संध्याकाळच्या वर्गाला गेली, तीन वर्षं परीक्षा दिल्या. आणि विद्वान दुसरीकडे मोठ्या नोकरीवर गेला, तेव्हा प्रयोगशाळेच्या मुख्य होत्या त्या मोठ्या बाईंकडे जाऊन म्हणाली, “मला बसू द्या त्या खुर्चीवर.”

मोठ्या बाई कडक. चष्म्यावरून बघायच्या, ते समोरच्याला चष्म्यातून बघण्यापेक्षा जास्त लागायचं. म्हणाल्या, “एक वर्ष देते. वर्षभरात तुझ्या त्या खेळाचा काही उपयोग झाला, तर खुर्ची कायम तुझी. नाही झाला तर खोलीला कुलूप, आणि तू परत तराजूवर. मान्य?”

“मान्य,” ती म्हणाली. तराजू वाईट नव्हता. पण ज्यानं एकदा आतलं घर बघितलं, त्याचं नुसतं वजन करण्यात मन कुठून लागणार!

आता खेळ काय होता ते नीट समजून घ्या, अवघड काही नाही. कारखाना दम्याचं एक औषध करायचा. औषधाचा जो बारीकात बारीक कण, रेणू म्हणतात त्याला, तो बाह्यांसारखा. एक डावा, एक उजवा. कापड तेच, लांबी तीच, पण एक दुसऱ्यावर बसत नाही. डावा घेतला की श्वास मोकळा होतो. उजवा घेतला की नुसतं डोकं गरगरतं. आणि करायला गेलं की दोन्ही निम्मे निम्मे तयार होतात, एकात एक मिसळलेले. वेगळे कसे करणार? चाळणीनं होत नाही, तापवून होत नाही, सगळ्या बाबतीत जुळी भावंडं ती.

म्हणून एक युक्ती असते. त्यांना एक जोडीदार द्यायचा, एक आम्ल. ते आम्ल मात्र एकाच बाहीचं. जोडी जमली की त्याचं मीठ होतं. खायचं नव्हे, पण असतं मीठच. मग डाव्याची आणि आम्लाची जोडी चांगली जमते, ती स्पिरिटात गार केली की खडे होऊन तळाशी बसते. उजव्याची जोडी जरा कुरकुरत असते, ती पातळ राहते. वरचं ओतून टाका, खालचे खडे घ्या. झालं काम.

पण काही मिठांत गोम असते. डाव्यांचं घर बांधलं जात असताना एखादा उजवा हळूच येऊन डाव्याच्या जागेवर बसतो, आणि घर काही तक्रार करत नाही. तो मिश्र खडा. दिसायला तसाच, चमकायला तसाच. धुऊन काही होत नाही, कारण घाण अंगावर नाही, पोटात आहे.

कशावरूनचं काम हे की असं होणार का, ते आधीच सांगायचं. खड्याचं एक्स-रेनं काढलेलं चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं, त्यातला एक डावा उचलायचा, त्याच्या जागी उजवा बसवायचा, आणि बघायचं, घराला किती अवघडल्यासारखं होतंय. त्याचा आकडा निघतो. आकडा मोठा आला तर उजव्याला तिथं थारा नाही, खडा चोख. आकडा लहान आला तर पाहुणा पाय पसरून बसणार. कोणतं आम्ल घ्यावं हे महिनोन्‌महिने करून बघण्यापेक्षा असं आधी कळलं, तर किती बरं!

मोठ्या बाईंनी तिला सहा आम्लांची यादी दिली होती. पहिलंच मीठ कारखान्याच्या मनात भरलेलं. स्वस्त, मुबलक. आणि त्याचे खडे धरणारे होते खडेकाका.

खडेकाका म्हणजे त्या प्रयोगशाळेचं दैवत. तीस वर्षं खडे धरत होते. उंच, वाकलेले, खिशात चिमटा आणि भिंग. ते चंबू खिडकीत ठेवून नुसते बघत बसायचे, आणि खडा धरायच्या क्षणी हळूच म्हणायचे, “आला बघ.” नव्या मुलींचा चंबू महिनाभर गढूळच. काकांनी हात लावला की दुसऱ्या दिवशी तळाशी हिरे. या मिठाचा एक्स-रेसाठी एकुलता एक सुंदर खडा त्यांनीच निवडून दिला होता, त्याच चित्रावर कशावरून काम करत होती.

तिचा आकडा आला लहान. फारच लहान. तिनं तीनदा करून पाहिलं, आणि मोठ्या बाईंना लिहून दिलं: या मिठाचे खडे मिश्र होणार, शंभरात बारा-पंधरा उजवे आत बसणार.

आणि काकांच्या चंबूतले खडे तपासले, तर शंभरात नव्व्याण्णव डावे. चोख. एकदा नाही, सहा वेळा.

मग काय विचारता! जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना फुकटची करमणूक. “अगं, तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या पेटीला चष्मा लाव.” “पेटीला नाही, पेटीवालीला.” काका स्वतः काही टोचून बोलले नाहीत, पण जाता जाता म्हणालेच, “पोरी, खडा असा विचारून येत नाही. हाताला कळतं.”

“हाताला कळतं हे कशावरून, काका?”

“सहा चंबूंवरून,” काका म्हणाले आणि हसत गेले.

वर्ष संपायला तीन महिने उरलेले. मोठ्या बाई म्हणाल्या, “चंबू चंबूच असतो. मोठ्या हंड्यात करून बघू. तिथं जे निघेल त्यावर तुझं ठरेल.” म्हणजे कशावरूनची खुर्ची त्या हंड्यावर टांगली गेली. हंडा म्हणजे घराएवढी स्टीलची टाकी, जिना चढून वर जावं लागतं. काकांच्या वहीतली कृती शब्द न् शब्द उतरवून घेतली. स्पिरिट इतकं, आम्ल इतकं, इतक्या वेळात इतकं गार. दोनशे किलो खडे निघाले, पांढरेशुभ्र. तपासले.

शंभरात शहाऐंशी.

पुन्हा विरघळवून पुन्हा खडे धरले. सत्त्याऐंशी. तिसऱ्यांदा केलं, सत्त्याऐंशीच. बारा-पंधरा उजवे म्हणाली होती, तेरा-चौदा निघाले.

अहो, एका दिवसात वारं फिरलं! चष्मा लाव म्हणणारे आता दारातून वाकून विचारायला लागले, “ताई, माझ्याही एका मिठाचं बघता का?” मोठ्या बाई तिच्या खोलीत आल्या, असं कधी झालं नव्हतं. म्हणाल्या, “सोमवारी कायमचं पत्र देते. वरच्यांना सांगितलंय मी, आमच्याकडे आधीच कळलं होतं.”

आणि खडेकाकांकडे लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागले. सहा वेळा नव्व्याण्णव? मग हंड्यात शहाऐंशी कसे? कुणी म्हणालं, चांगले चांगले खडे चिमट्यानं वेचून तपासायला दिले असतील. कुणी म्हणालं, वय झालं, वहीत काय लिहिलं कुणास ठाऊक. समोर कुणी बोललं नाही. पण न बोललेलं जास्त ऐकू येतं. काका खिडकीकडे तोंड करून बसायला लागले. “आला बघ” म्हणेनासे झाले.

घरी नवऱ्यानं ऐकलं आणि टाळीच दिली. “झालं एकदाचं! आता स्वस्थ झोप.”

“पण अहो, चंबूत चोख का आले?”

“म्हातारबुवांनी वेचून दिले असतील.”

“कशावरून?”

“हे बघ, तू जिंकलीस ना? मग चंबूत काय का येईना!”

“मी म्हणाले मिश्र येणार. चंबूत नाही आले. सहा वेळा नाही आले. मग मी एकदा बरोबर आणि सहा वेळा चूक, नाही का?”

नवऱ्यानं घास तसाच धरला. म्हणाला, “तुझ्यासारखी बाई नाही बघितली. लिफ्ट चालायला लागली की लोक आत बसतात. तू बाहेर उभी राहून विचारतेस, काल बंद का होती.”

“तुम्ही नाही विचारत?”

आता तो लिफ्टवालाच. त्याला खोटं बोलता येईना. “विचारतो,” म्हणाला. “नाहीतर उद्या पुन्हा अडकते.”

दुसऱ्या दिवशी ती काकांच्या टेबलाशी गेली. बुधवार होता. “काका, मला एकदा तुम्ही चंबू करताना बघायचंय.”

“तुझ्या पेटीला विचार.”

“पेटीला कळलं असतं तर इथं कशाला आले असते?”

काकांनी मान वळवली नाही. “तू पण वेचलेले खडे शोधायला आलीस का? बघ. सगळे चंबू तिथं आहेत. चिमटा हा घे.”

“काका, मी खडे वेचायला नाही आले. मला कळत नाहीये. आणि कळलं नाही की मला जेवण जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे.”

काकांना ते माहीत होतं. त्यांनी उठून चंबू घेतला. ही स्टुलावर बसली, अख्खा दिवस. वही मांडीवर, एकेक ओळ वाचायची आणि काकांचा हात बघायची. वहीत लिहिल्यापेक्षा वेगळं काहीच नाही. गार केलं, काकांनी एक जुना खडा बी म्हणून टाकला, आणि संध्याकाळी पाचला काका सवयीनं पुटपुटले, “आला बघ.” मग हिच्याकडे बघून खिडकीकडे वळले.

सकाळी खडे गाळून वाळवले. तपासले. नव्व्याण्णव. तिच्या डोळ्यांदेखत, सगळेच्या सगळे कुटून तपासले, वेचायचा प्रश्नच नाही. आता तर कोडं दुप्पट झालं.

मग तिनं तेच केलं जे अकरा वर्षं करत आली होती. काही सुचेना की तोलायचं. काकांचे खडे चिमूटभर तोलले, भट्टीत तासभर तापवले, पुन्हा तोलले. शंभराचे शहाण्णव झाले. तिनं तराजूची काच पुसली, पुन्हा तोललं. शहाण्णव. मग हंड्यातले खडे आणले. तोलले, तापवले, तोलले. शंभराचे शंभर.

इतके दिवस सगळ्यांनी डावे किती, उजवे किती, एवढंच मोजलं. वजन कुणी केलंच नव्हतं. कशाला करतील?

“काका,” ती धावतच गेली, “तुमच्या खड्यातून काहीतरी उडून जातंय. चार टक्के. काय घालता तुम्ही?”

“वहीत आहे तेच घालतो.”

“स्पिरिट?”

“तेच. कोरडं, कारखान्याचं.”

“मग पाणी कुठून आलं? भट्टीच्या काचेवर दव धरलं होतं, स्पिरिटाचा वासही नव्हता.”

“पाणी मी घालत नाही.” काका आता चिडले. “तीस वर्षांत कधी पाणी घातलं नाही.”

तिनं टेबलाकडे बघितलं. काल काकांनी चंबू कपाटातून काढला होता, नळाखाली धरला होता, एकदा झटकला होता, आणि मग स्पिरिट ओतलं होतं. तिनं ते डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तिलाही काही वाटलं नव्हतं.

“काका, चंबू विसळता ना आधी?”

“विसळणारच. कपाटातली धूळ असते.”

“पुसत नाही?”

“कोरड्या चंबूत खडा धरत नाही. माझ्या गुरूनं शिकवलंय, एकदा विसळावं आणि एकदाच झटकावं.”

“हे वहीत कुठाय?”

काका तिच्याकडे बघतच राहिले. “अगं, भांडं विसळलं हे कुणी लिहितं का?” म्हणाले, आणि म्हणता म्हणता खाली बसले. आपल्या ओल्या चंबूकडे बघत बसले. पाच-सहा थेंब काचेला चिकटलेले.

हंड्यात कोण विसळणार? उलट हंडा आधी दोन तास गरम वाफेनं आणि मग कोरड्या हवेनं वाळवतात. नियम आहे तसा.

आता कशावरूनला आनंद व्हायला हवा होता. झालाही, जिना चढेपर्यंत. आपल्या खोलीच्या दारात आल्यावर मात्र तिचे पाय थांबले. खड्यात पाणी आहे, म्हणजे पाण्याचा रेणू डाव्यांच्या घरात जागा धरून बसलाय. मग एक्स-रेचा खडा काकांचाच होता. त्यात पाणी असणार. चित्रात दिसायला हवं. आणि तिच्या चित्रात पाणी नव्हतं.

तिनं जुनी मूळ फाइल उघडली. होतं की! प्रत्येक घराच्या कोपऱ्यात एक लहान लाल गोळा, अर्धवट, फिक्कट. एक्स-रेला पाणी नीट दिसत नाही, म्हणून धूसर येतं. आणि प्रोग्रॅममध्ये गणिताआधी एक बटण असतं, ‘साफ करा’. इकडं तिकडं राहिलेलं स्पिरिट, पाणी, धूसर काहीबाही, एका झटक्यात पुसलं जातं. तिला वर्गात तसंच शिकवलं होतं, घरं बांधायच्या आधी अंगण झाडून घ्यावं. तिनं सवयीनं बटण दाबलं होतं. काकांनी सवयीनं चंबू विसळला होता. त्यांनी लिहिलं नाही, हिनं पुसलं. पाणी एकच.

तिनं पाणी परत जागेवर ठेवलं आणि गणित लावलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, मशीन घरघरत राहिलं. शनिवारी सकाळी आकडा आला. मोठा. पाणी त्या कोपऱ्यात बसलं की उजव्याचा खांदा तिथं मावतच नाही. पाणी नसलं की कोपरा रिकामा, उजवा आरामात आत. म्हणजे ओल्या चंबूत चोख, कोरड्या हंड्यात मिश्र. सगळं जागच्या जागी बसलं.

आणि एक गोष्ट आणखी जागच्या जागी बसली. तिनं काम नीट केलं असतं, पाणी ठेवलं असतं, तर तिनं लिहून दिलं असतं ‘खडा चोख येणार’. आणि हंड्यात पडले असते तोंडघशी, काका आणि ती दोघं. ती बरोबर ठरली होती ती चुकली म्हणून. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, तसलं तिचं शहाणपण. आणि त्यावर सोमवारी कायमचं पत्र.

ती घरी आली तशी वरच्या मजल्यावर आईकडे गेली. आई आता म्हातारी, पण मशीन खिडकीशीच. सगळं सांगितलं. नवराही मागोमाग आलेला. तो म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची. पत्र घे हातात, मग सांग सावकाश.”

आईनं दोरा दातानं तोडला. म्हणाली, “मागं एका गिऱ्हाइकाची बाही मी तिरकी लावली. चुकून. तिला ती इतकी आवडली, की गल्लीभर सांगत सुटली, काय बाही बसवते! मी पण हूं केलं. मग ती दुसरं कापड घेऊन आली, म्हणे अगदी तशीच हवी.”

“मग?”

“मग काय, चार रात्री उसवतेय आणि शिवतेय. चूक कशी केली होती तेच आठवेना.” आईनं सुईत दोरा ओवला. “तुझ्या त्या बाईंनी किती मिठं दिलीत म्हणालीस? सहा ना?”

“सहा,” कशावरून म्हणाली. “आणि पुढच्या वेळी अगदी तसंच हवं म्हणाल्या, तर मी काय करणार!”

सोमवारी मोठ्या बाईंच्या टेबलावर पत्र टाइप करून ठेवलेलं, सही तेवढी राहिलेली. ही काकांना बरोबर घेऊनच आत गेली. काका दाराशीच उभे.

“बाई, सही करू नका. आधी ऐका.”

तिनं सगळं सांगितलं, तोल, भट्टी, चंबू, बटण. काही लपवलं नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं! मोठ्या बाई ऐकत होत्या, चष्म्यावरून. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे मी वरच्या मजल्यावर जाऊन सांगून आले, की आम्हाला आधीच कळलं होतं. आणि तुला काहीच कळलं नव्हतं.”

“नव्हतं, बाई.”

“आणि काका, तुम्ही पाणी घालत होता.”

“घालत नव्हतो,” काका म्हणाले. “विसळत होतो.”

“काका!” कशावरून म्हणाली.

“बरं. घालत होतो. वही खोटी नाही माझी, बाई. अपुरी आहे.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, “हंड्याला किती पाणी लागेल?”

“दोन बादल्या,” कशावरून म्हणाली. तिनं हिशेब करूनच आणलेला. “अंदाजानं नाही, मोजून. जास्त झालं तर उजवाही खाली बसायला लागेल.”

गुरुवारी हंड्यात दोन बादल्या पाणी मोजून ओतलं. काका जिना चढून वर गेले, त्या वयात, आणि काचेच्या गोल झरोक्याला डोळा लावून बसले. खाली ही उभी. दोन तासांनी वरून आवाज आला, “आला बघ!” सगळा कारखाना ऐकेल एवढ्या मोठ्यानं.

शंभरात अठ्ठ्याण्णव. चंबूसारखे नव्व्याण्णव नाही. तो एक कुठं गेला, हे अजून कुणाला माहीत नाही.

संध्याकाळी मोठ्या बाई तिच्या खोलीत आल्या. हातात तेच पत्र, बिनसहीचं. कशावरूननं डबा पिशवीत भरून ठेवलेला, जुनी वही वर. तराजूच्या खोलीची किल्लीही मागून ठेवलेली.

“त्या बाकीच्या पाच मिठांचे आकडे तू देऊन झालेत ना?”

“झालेत.”

“त्यांतली किती साफ केली होतीस?”

कशावरूननं मान खाली घातली. “पाचही.”

“पाचही.” मोठ्या बाईंनी पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. “कायमचं वगैरे विसर. सहा महिने आणखी, आणि पाचही पहिल्यापासून. ही असली चूक दुसऱ्या कुणाला शोधता येईल असं मला वाटत नाही. पिशवी रिकामी कर.” आणि दारातून जाता जाता, बाहेर थांबलेल्या काकांना, “काका, तुम्हीसुद्धा. सकाळी एक तास इथं बसायचं. वहीत नसलेलं सगळं सांगायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्टूल ओढत आत आले. त्यांना कॉम्प्युटरसमोर बसायची सवय नव्हती, हात कुठं ठेवावे कळेना, म्हणून खिशातलं भिंग काढून हातात धरलं. कशावरूननं दुसऱ्या मिठाची मूळ फाइल उघडली, न पुसलेली. डाव्यांची घरं ओळीनं, आणि त्यांच्या मधोमध काहीतरी धूसर. लाल गोळा नव्हता. लांबुळकं होतं, दोन-तीन गोळ्यांचं, अर्धं या कुशीवर, अर्धं त्या कुशीवर.

“हे पाणी नाही,” ती म्हणाली. “काका, हे काय बसलंय?”

काकांनी भिंग थेट पडद्यालाच लावलं. “हा खडा मी धरला तेव्हा...” ते आठवत म्हणाले, “थांब. त्या आठवड्यात चंबू विसळायला पाणी नव्हतं. नळ बंद होता.”

“मग कशानं विसळलात?”

काकांनी डोकं खाजवलं. तिनं वही उघडली, पेन घेतलं, आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.